पिवळीवरची पुट्टी

आमच्या पिवळीचे पंख रबर बँडने बांधलेले असायचे. हे आधीच सांगते, कारण माझा राग तिथूनच सुरू होतो. विमान जमिनीवर आपटलं तर रबर ताणलं जातं, पंख सुटून बाजूला पडतात आणि बाकीचं वाचतं. पंख स्क्रूने आवळले तर पंखही मोडतो आणि अंगही फाटतं. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे, असं मी धरून चालले होते.

पिवळी म्हणजे अप्पांनी, माझ्या वडिलांनी, बाल्सा लाकडातून बनवलेलं रेडिओच्या रिमोटवर उडणारं विमान. बाल्सा तळहातावर ठेवला तरी काही ठेवल्यासारखं वाटत नाही, इतका हलका. तो सोलापुरात मिळत नसे, पार्सलने यायचा. आला की अप्पा एकेक पट्टी हातात तोलायचे. जड पट्ट्या नाकाकडे, हलक्या शेपटीला. मी शाळेत होते, पंखांच्या फासळ्या घासायचं काम माझं. सांगाड्यावर पिवळं तलम रेशीम चढायचं आणि त्यावर डोप नावाच्या वार्निशाचे हात. डोप वाळला की कापड डफासारखं वाजायचं. इंजिनाच्या इंधनात एरंडेल असे. रविवारी माळावरून परत आलो की अप्पांच्या सदऱ्याला आणि माझ्या वेण्यांना जळक्या एरंडेलाचा वास यायचा, आणि अव्वा, म्हणजे आई, आम्हा दोघांना आंघोळीशिवाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरही उभं करत नसे.

कुंभारी गावाच्या पुढे तेव्हा मोकळा माळ होता. वारा सुटायच्या आत पोचायचं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशवीत. उडवण्याआधी अप्पा मोठ्याने विचारायचे आणि मी मोठ्याने सांगायची.

"रबर?"

"बांधलं."

"तोल?"

तोल म्हणजे पंखांखाली दोन्ही हातांचं एकेक बोट धरून विमान उचलायचं. ते सरळ राहिलं पाहिजे. शेपूट खाली गेली तर ते उडून कोसळणार, हे नक्की. एक जरी उत्तर राहिलं तरी अप्पा विमान खोक्यात परत ठेवायचे. मी आज सगळं याद्या करून करते, किराण्यापासून लग्नकार्यापर्यंत, आणि घरचे हसतात. ती सवय माळावरची आहे. हसू देत.

माझा धाकटा भाऊ माळावर फारसा आला नाही. रविवारी त्याला झोप हवी असे.

अप्पांना काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली कडेकडेने कमी होत जाते, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी रिक्षात अप्पा म्हणाले, "पिवळी एकदा वर गेलेली बघायची होती." एवढंच. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी कामाला लागले. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा झाल्यावर थंडी असते, सकाळी वारा पडलेला असतो, तेव्हा उडवायचं ठरवलं. वर्षानुवर्षं पडून असलेलं इंजिन रॉकेलमध्ये भिजवून मोकळं केलं. नवा रिसीव्हर बसवला. रेशमाची दोन ठिगळं लावली. आठवडाभरात उडणार होती.

मध्येच अप्पांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा सत्कार आला. भावाने हॉल घेतला होता. "अक्का, पिवळी स्टेजवर ठेवायची आहे, दे की," म्हणाला. मी खोक्यात घालून दिली. ती उडणार आहे, तिच्यातलं काही हलवू नकोस, पुसूही नकोस, असं दोनदा सांगितलं. तो "व्हय व्हय" म्हणाला.

भावाचं जुन्या दुचाक्या विकायचं दुकान आहे. जुनी गाडी घ्यायची, पोचे पुट्टीने भरायचे, रंग मारून चकाकवायची आणि विकायची. त्याने पिवळीचं तेच केलं. गाड्यांच्या टाक्या रंगवणाऱ्याकडे दिली. त्या माणसाने रेशमावरून पुट्टी ओढली, घासली आणि गाडीचा पिवळा रंग मारला, आरशासारखा. स्टँडसाठी पोटाला भोक पाडलं. रबर काढून पंखांना स्क्रू मारले. हॉलमध्ये फुलांच्या कमानीखाली ती लखलखत होती आणि पाहुणे तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते.

अप्पांना स्टेजवर आणलं, शाल घातली. भावाने पिवळी त्यांच्या हातात दिली. अप्पांनी सवयीने पंखांखाली बोटं धरून ती उचलली. शेपूट सरळ खाली गेली. मग भावाने पुढे केलेल्या माइकवर म्हणाले, "छान केलंय पोरानं." टाळ्या झाल्या.

मी भावाला हॉलच्या मागे, जेवणाची ताटं रचून ठेवली होती तिथे गाठलं.

"पंखांना स्क्रू कुणी मारले?"

"मीच सांगितलं. रबरानं बांधलेलं कसं दिसतं ते? मेथीची जुडी बांधल्यागत."

"ती उडणार होती. तुला सांगितलं होतं."

"मग उडव की. रंग लावला म्हणून पंख गळाले का तिचे?"

"शेपटीचा पडदा हलवून दाखव."

तो तावातावाने गेला, पिवळी उचलून आणली आणि अंगठ्याने पडदा दाबला. विमान वर-खाली नेणाऱ्या त्या हलत्या फळीच्या बिजागरीत रंग भरून वाळला होता. पडदा तुटून त्याच्या हातात आला.

"चिकटवता येईल," तो म्हणाला. आणि मी काही बोलायच्या आत, "अप्पा माइकवर छान म्हणाले. तुलाच काय ते खुपतंय."

रात्री घरी आल्यावर अप्पांना विचारलं, "बोटांवर कळलं ना तुम्हाला?"

"कळलं."

"मग छान का म्हणालात?"

"त्याचं तोंड बघितलं नाहीस तू. केवढा खूश होता." मग कन्नडमध्ये, "साकु." म्हणजे पुरे. हा शब्द आला की अप्पांसमोर विषय संपतो. माझा संपला नाही. मुलाचं मन राखायला वडिलांनी खोटं बोलायचं, आणि ज्याने नासधूस केली त्याने टाळ्या घ्यायच्या, हे मला आजही पचत नाही.

दुसऱ्या दिवशी भावाला फोन करून सांगितलं, "दर रविवारी सकाळी इथे यायचं. झोप झाली तुझी आयुष्यभराची." तो आला, हे त्याच्या बाजूने लिहिलं पाहिजे. तोंड पाडून पॉलिश पेपरने पुट्टी घासत बसायचा. "गाडीचा पत्रा असता तर रंग एका तासात काढला असता," असं कुरकुरायचा. "पत्रा नाही म्हणूनच उडत होती," मी म्हणायची. पुट्टीबरोबर लाकूडही सोलून येत होतं. अंग वाया गेलं. पंखांच्या फासळ्या मात्र शाबूत निघाल्या, मी घासलेल्या. अंग नवं करायला घेतलं. बाल्सा मागवला, पट्ट्या अप्पांनी तोलून वेगळ्या केल्या. सुरुवातीला ते पट्टी खिडकीशी धरून बघायचे. नंतर खिडकीशी धरणं त्यांनी सोडून दिलं.

उन्हाळ्यात वावटळी, मग पाऊस, मग माळ ओला. कुंभारीच्या माळावर आता प्लॉट पडलेत. आम्ही आणखी पुढे गेलो, दिवाळी झाल्यावर. भाऊ अप्पांचा दंड धरून होता. अप्पांनी मोठ्याने विचारलं, मी मोठ्याने सांगितलं. रबर बांधलं. तोल सरळ. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं आणि तो वास आला. "मिश्रण जरा पातळ आहे," अप्पा आवाज ऐकून म्हणाले. मी इंधनाची सुई फिरवली.

पिवळी वर गेली. माझे दोन्ही हात रेडिओवर, नजर तिच्यावर, मागे वळता येत नव्हतं.

"कुठं आहे?" अप्पांनी विचारलं.

"तिथं, झाडाच्या वर," भाऊ म्हणाला. "नाही, वळली. आता इकडं आली. अप्पा, इकडं." तो त्यांचे खांदे धरून त्यांना विमानाबरोबर फिरवत होता, ते मला त्यांच्या चपलांच्या आवाजावरून कळत होतं. मी तिला खाली आणलं, जितकं खाली आणायचं धाडस होतं तितकं, आणि अप्पांच्या डोक्यावरून काढलं.

"दिसली का अप्पा?" भावाने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"दिसली," अप्पा म्हणाले.

अगदी तसंच म्हणाले. माइकवर म्हणाले होते तसंच.

पिवळी नीट उतरली. मी पंख सोडवून खोक्यात ठेवले, रबर मोजून डबीत टाकलं. भाऊ डोळे पुसत होता आणि म्हणत होता, "अक्का, दिसली त्यांना." गड्ड्यानंतरच्या त्या थंडीत उडाली असती तर खरंच दिसली का, हे मला विचारावं लागलं नसतं. आता विचारूनही उपयोग नाही. अप्पा "दिसली"च म्हणणार.