हाइडटून, संख्या शून्य

मेख्टिल्ड बेकरचा भाऊ क्लेमेन्स मार्चमध्ये गेला. माती देऊन झाल्यावर सगळे चर्चच्या हॉलमध्ये कॉफी आणि लोण्याच्या केकला बसले, तेव्हा हेडमास्तर लिंडेमान उठले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण गावाच्या इतिहास मंडळाचं अध्यक्षपद अजून त्यांच्याकडेच होतं. चमच्याने कप वाजवून ते म्हणाले, "आज आपण नुसता क्लेमेन्स पुरला नाही, एक आडनाव पुरलं. हाइडटून. पाचशे वर्षं हे नाव वेस्टरलोह गावात होतं. शेवटचा माणूस गेला."

लोकांनी माना हलवल्या. मेख्टिल्डच्या तोंडात केकचा घास होता. तो तिने नीट गिळला.

"मग मी कोण, हेडमास्तर?"

"तुम्ही बेकरबाई."

"आणि क्लेमेन्स माझा कोण होता? शेजारी?"

"तसं नव्हे. नाव चालतं ते पुरुषाकडून, एवढंच मी म्हणतोय."

"चालतं? तुमचं तर गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तेही बंद पडलंय."

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. मेख्टिल्डची मुलगी बिर्गिट शेजारीच बसली होती. तिने टेबलाखालून आईचा पाय दाबला. "आई, मामाला माती देऊन तीन तास झाले नाहीत. आज तरी भांडू नकोस."

"मी भांडत नाहीये. मी जिवंत आहे, एवढं सांगतेय."

मेख्टिल्ड तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. जन्म हाइडटूनच्या शेतघरात, गावाबाहेर, जिथे राय धान्याची शेतं संपतात आणि पूर्वी गावाचा माळ सुरू व्हायचा तिथे. नावाचा अर्थही तेवढाच: माळाकडचं कुंपण. माळावर चरणारी गावाची गुरं पिकात घुसू नयेत म्हणून तिथे झुडपांचं कुंपण होतं, आणि ते राखायला एका गरीब माणसाला खोपटं दिलं होतं. हेडमास्तरांनी मात्र शाळेत पोरांना शिकवलं होतं की हे कुंपण म्हणजे कुण्या सरदाराच्या गढीची तटबंदी. क्लेमेन्सला ते आवडायचं. टपालाने मागवलेलं एक कुलचिन्ह त्याने ओसरीत टांगलं होतं, त्यावर सिंह होता. मेख्टिल्ड माहेरी आली की त्या सिंहाला म्हणायची, "काय रे, आज किती गुरं हाकललीस?"

एकोणीसशे त्र्याहत्तरला तिने एगोन बेकरशी लग्न केलं. त्या काळी कायद्याने बाईला नवऱ्याचंच नाव मिळायचं. फार तर त्याच्यामागे शेपटासारखं आपलं जोडता यायचं, पण सूतगिरणीच्या हजेरीकार्डावर तेवढी जागा नव्हती. जर्मनीत बेकर म्हणजे दगड मारावा तर त्याच्या अंगावर पडेल असं नाव. टेलिफोनच्या पुस्तकात पानंच्या पानं बेकर. हाइडटून अख्ख्या देशात एका ओळीपुरता, तो म्हणजे क्लेमेन्स. गिरणीत मेख्टिल्डच्या आधीच दोन बेकर होत्या, म्हणून मुकादम हाक मारायचा, "बेकर तीन." अठ्ठावीस वर्षं ती बेकर तीन होती.

एगोन वाईट नव्हता. ट्रक चालवायचा, कमी बोलायचा, आठवड्याला एकदा बटाट्याचे वडे तळायचा आणि सगळं स्वयंपाकघर तेलकट करून ठेवायचा. ती संतापली की तो शांतपणे म्हणायचा, "आली, हाइडटून आली." गावातही तिला बेकर म्हणून कुणी ओळखलं नाही. वेस्टरलोहमध्ये आधी घर, मग माणूस: ती 'हाइडटूनची मेख्टिल्ड'. बेकर होती ती कागदावर आणि गिरणीत.

गिरणीत तिने नाव काढलं ते वेगळ्याच गोष्टीने. बायकांना कमी पगार मिळायचा, कारण बायकांचं काम 'हलकं' या वर्गात धरलेलं होतं. ती कामगार समितीवर निवडून आली तेव्हा एकदा डायरेक्टर खात्यात फिरायला आले. मेख्टिल्डने रिळांची पेटी त्यांच्या पायाशी ठेवली. "हलकी आहे म्हणता ना? उचला. आता खाली ठेवा. आता परत. असं आठ तास." डायरेक्टरांनी कोट काढून तीन वेळा उचलली, चौथ्या वेळी ते पेटीवरच बसले. पगार त्याने वाढला नाही. पगार वाढला सात महिन्यांनी, कोर्टातून. पण पेटीची गोष्ट अजून सांगतात, कोर्टाची कुणी सांगत नाही, आणि याचा तिला राग येतो, कारण कोर्टाचे कागद तिने तेरा रात्री जागून स्वतः लिहिले होते.

एगोन जाऊन चार वर्षं झाली होती. आता क्लेमेन्स.

दफनानंतरच्या सोमवारी ती नगरपालिकेच्या नोंदणी कार्यालयात गेली. विधवा बाईला माहेरचं नाव परत घेता येतं, ही माहिती तिला कुणी दिलेली नव्हती. तिने कायद्याचं पुस्तक वाचनालयात उघडून शोधली होती. काउंटरवरच्या पोरीने फॉर्म पुढे सरकवला.

"कारण लिहावं लागतं का?" मेख्टिल्डने विचारलं. भांडायच्या तयारीनेच आली होती.

"नाही. नुसती सही."

"बस?"

"बस."

तिने पेन घेतलं आणि सही केली. मग कागदाकडे बघत राहिली. हाताने सवयीने 'बेकर' लिहिलं होतं. पोरीने दुसरा फॉर्म दिला. दुसऱ्यावर मेख्टिल्डने एकेक अक्षर काढत 'हाइडटून' लिहिलं, पहिलीतल्या मुलीसारखं.

बिर्गिटला ते कळलं आणि ती ओस्नाब्रुकहून तडक गाडी घेऊन आली. हॉस्पिटलची ड्यूटी संपवून आली होती, पायात अजून पांढऱ्या चपला.

"बाबांचं नाव टाकलंस?"

"टाकलं नाही. परत केलं. वापरून झालं होतं."

"आई, हे हसण्यावारी नेऊ नकोस. थडग्यावर वर मोठ्या अक्षरांत बेकर आहे. खाली बाबा, आणि त्यांच्या शेजारी तुझं नाव आधीच कोरलेलं, फक्त मरणाचं साल रिकामं. आता तिथे कोण झोपणार? परकी बाई?"

मेख्टिल्डने दोन कप मांडले. तिने कॉफी ओतली.

"माझ्या नावाखाली एक ओळ घालू, जन्माची हाइडटून म्हणून. दगडवाल्याला विचारलंय, जागा आहे. अगं, तुझे बाबा रागावले की मला त्याच नावाने हाक मारायचे. त्यांना कळेल कोण आलंय ते."

बिर्गिट रडली, मग हसली, मग म्हणाली, "मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"हो."

"म्हणून नाही विचारलं."

इतकं झाल्यावर गोष्ट मिटायला हवी होती. पण एप्रिलमध्ये मंडळाने जाहीर केलं की ऑक्टोबरात हाइडटूनच्या वळणावर एक पाटी लागणार, 'हाइडटून घराणे, १४९८–२०२२', आणि सोबत हेडमास्तरांची पुस्तिकाही निघणार: नावाचा उगम, अर्थ आणि संख्या. मेख्टिल्ड नवं ओळखपत्र घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली.

हेडमास्तरांनी चष्मा लावून ते उलटसुलट पाहिलं. "छान. पण सरकारी सहीने वंश होत नाही हो. मी सबंध वंशवृक्ष काढलाय. बापाकडून मुलाकडे, चौदा पिढ्या, एकही खंड नाही. ते रक्त क्लेमेन्सपाशी थांबलं."

"माझ्यात काय डाळिंबाचा रस आहे?"

"तुमच्यात आहे, पण पुढे जात नाही. पाटी पत्र्यात कापून झालीये, बाई. तारीख आता नाही बदलायची."

ती घरी आली ती पाय आपटतच. नाव जिवंत आहे की मेलं, एवढाच प्रश्न होता, आणि तो कुण्या निवृत्त मास्तरने पत्रा कापून सोडवावा हे तिला मान्य नव्हतं. तिने उन्हाळाभर दुसरं काही केलं नाही. चर्चच्या जुन्या वह्या आता कंप्युटरवर बघता येतात. जुनी वळणदार लिपी तिला येत होती. लहानपणी आजीच्या प्रार्थनापुस्तकाच्या कडेला कुठली गाय कधी व्याली ते लिहिलेलं असायचं, त्यावरून ती शिकली होती. गायींवरून ती माणसांकडे आली. रोज सकाळी नऊ ते बारा, मग जेवण, मग परत.

ऑगस्टमध्ये तिला ते सापडलं, आणि सापडल्यावर ती स्वतःवरच चिडली, कारण ते साऱ्या गावाला ठाऊक असलेलं होतं. या मुलखात नाव माणसाचं नसतं, शेतघराचं असतं. घरात मुलगीच असली आणि जावई राहायला आला की तो आपलं नाव दारात ठेवून आत यायचा आणि घराचं नाव घ्यायचा. हे हेडमास्तरांनीच बिर्गिटला चौथीत शिकवलेलं. मग वंशवृक्षात एकही जावई कसा नाही?

सप्टेंबरच्या सभेला ती खानावळीच्या मागच्या खोलीत गेली. मंडळाचे पाच पुरुष होते, आणि खजिनदार फ्राउके टेनहाफ. मेख्टिल्डने कागद टेबलावर ठेवले.

"हेडमास्तर, तुमच्या झाडात गेर्ड हाइडटून आहे. लग्न १७४२ ला, हे मी शोधलं. त्याचा बाप्तिस्मा कुठे झाला?"

"ते पान खराब आहे. उंदरांनी खाल्लंय. मी तशी टीप दिलीये."

"पान धड आहे. मी पाहिलं. त्यावर गेर्ड नाहीच. तो शेजारच्या गावच्या वहीत आहे, गेर्ड वेसेल्स म्हणून. हाइडटूनच्या आनाशी लग्न केलं आणि हाइडटून झाला. बेर्न्ड, १८०३?"

हेडमास्तर आपले कागद चाळू लागले.

"तेही उंदरांनी खाल्लं असेल. बेर्न्ड ह्योल्शर. त्याने हाइडटूनच्या विधवेशी लग्न केलं, आणि ती विधवाही दुसऱ्याच घरून आलेली. म्हणजे रक्त म्हणाल तर ते १८०३ लाच संपलं, हेडमास्तर. दोघांतही थेंबभर नव्हतं. तिसरा थेओडोर काम्प, १८८९, माझे पणजोबा. तुम्ही बाप्तिस्म्याच्या आणि मरणाच्या वह्या पाहिल्या. मरताना सगळे हाइडटूनच होते. लग्नाच्या वह्या पाहिल्याच नाहीत."

"लग्नाच्या वह्यांत," हेडमास्तर हळू आवाजात म्हणाले, "अक्षर फार वाईट आहे."

"हो. माझ्या आजीसारखं."

फ्राउके टेनहाफने कागद ओढून घेतले आणि शांतपणे वाचले. "मग हे नाव टिकवलं कुणी?" ती म्हणाली. "आनाने, या विधवेने, आणि थेओडोरच्या बायकोने. पुरुष बाहेरून आले."

"तेच मी मार्चपासून सांगतेय, केक खाता खाता."

कुणी हसलं नाही. हेडमास्तरांनी कागद दोन आठवड्यांसाठी मागितले. तिने दिले. पंधराव्या दिवशी सकाळी ते तिच्या दारात आले, हातात तेच कागद, कडेला पेन्सिलीच्या खुणा. शेजारच्या गावच्या चर्चमध्ये ते स्वतः जाऊन आले होते.

"तिन्ही खरे आहेत," ते म्हणाले. "एक चौथाही सापडला, १६९१ चा. तो तुम्हाला दिसला नाही."

"बसा," मेख्टिल्ड म्हणाली. हा माणूस चौथा घेऊन येईल असं तिला वाटलं नव्हतं.

पाटीचं लोहाराकडून झालं. त्याने शेवटचं साल कापून तिथे साधा पत्रा जोडला, जोड थोडा दिसतो. पण पुस्तिका छापून आली होती, दोनशे प्रती, आणि शेवटच्या पानावर तक्ता होता: १७४९ साली नाव लावणारे नऊ, १८९० साली चौदा, १९५० साली सहा, २०२२ साली शून्य. मंडळाला दुसऱ्यांदा छापणं जमणार नव्हतं.

म्हणून अनावरणाच्या आदल्या शनिवारी हेडमास्तर लिंडेमान दोन खोकी घेऊन मेख्टिल्डच्या स्वयंपाकघरात बसले आणि एकेका प्रतीत शून्य खोडून पेनने एक लिहू लागले. ती समोर बसून प्रत्येक प्रत उघडून तपासत होती.

"हा सातासारखा दिसतो," ती म्हणाली.

"एकाला वर टोक असतंच."

"माझ्या घरात सात हाइडटून कुठून आणू? परत लिहा."

त्यांनी परत लिहिला. पन्नासाव्या प्रतीला त्यांचा हात दुखायला लागला. त्यांनी पेन ठेवलं आणि विचारलं, "पण तुमच्यानंतर काय, हाइडटूनबाई? मुलगी बेकर आहे."

"बिर्गिट बेकरच राहणार म्हणते. तिची मर्जी."

"मग पुन्हा शून्य."

"होईल तेव्हा होईल. तोवर एक आहे, तेवढं लिहा."

तिने त्यांच्यासाठी कॉफी ठेवली, स्वतः पेन घेतलं आणि उरलेल्या दीडशे प्रतींतला आपला वाटा पुढे ओढला.