फ्यूज गेला म्हणायचं नाही

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. तिथे वस्तू सापडत नसेल तर ती भुताने नेलेली नसते, चुकीच्या कप्प्यात ठेवलेली असते. या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही माझं तेच चालायचं — वायरिंग बघा, खिडकीची कडी बघा, रात्री काय जेवलात ते बघा. तेव्हा आता तुम्ही मला काय सुचवाल ते माहीत आहे. वायरिंग बघितलंय.

आम्ही बदलापूरला, खरवईत राहतो. ज्या गाडीबद्दल लिहितेय ती माझ्या सासऱ्यांची, अण्णांची. गेल्या वर्षी ते वारले. वारले असंच लिहिते, कारण "गेले" हा शब्द त्यांना चालायचा नाही. निघताना कोणी "जातो" म्हणालं की अण्णा त्याला फाटकापासून परत आणत, पाणी देत आणि "येतो" म्हणवून मगच सोडत. गॅसवाल्यालासुद्धा — खांद्यावर रिकामा सिलिंडर असताना. बांगडी फुटली नाही, वाढवली. दुकान बंद केलं नाही, वाढवलं... इथवर सगळ्यांच्याच घरी असतं. पण आमच्याकडे घराचा फ्यूजही कधी "गेला" नाही. अंधारात बसून अण्णा सांगायचे, "फ्यूज वाढवला."

तर, यंदा गाडीचं सेंट्रल लॉक बिघडलं. ऑफिसातली मैत्रीण अंबरनाथला उतरताना म्हणाली, "चल, जाते गं," आणि चारही दारं खट्कन बंद. बटण दाबून काही होईना. शेवटी दारावरची लॉकची खुंटी हाताने ओढून ती बाहेर पडली. घरी आल्यावर स्टीअरिंगखालच्या डब्यातला दारांचा फ्यूज चिमट्याने उपसला, उजेडात धरला. आतली तार तुटलेली. नवा घातला, लॉक सुरू. पुढच्याच आठवड्यात नवरा "जातो" म्हणून उतरायला लागला — खट्. पुन्हा तार तुटलेली. तेव्हा मला शब्दाचा संशय आला नाही, फ्यूजच्या क्वालिटीचा आला. मी दुकान बदललं.

तोही उडाल्यावर गाडी उल्हासनगरला हरीशभाईंकडे नेली. ते गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतात. म्हणाले, शॉर्ट कुठे दिसत नाही, दारं उघडून बघायला पूर्ण दिवस गाडी सोडा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, उल्हासनगरातच. म्हणून त्यांनी नवा फ्यूज न बसवता माझ्या हातात दिला. "भाभी, बिना फ्यूज लॉक हलणारच नाय. हाताने उघडा, हाताने लावा." तो मी पर्समध्ये टाकला.

माईंना, म्हणजे सासूबाईंना, ऑपरेशन नकोच होतं. आधी दोनदा तारीख रद्द करायला लावली होती, आणि इकडे शेगडी चाचपून पेटवत होत्या. आज चुकलं तर त्या पुन्हा तयार होणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दवाखान्यासमोर गाडी लावली. मी फाईल, शाल, पाण्याची बाटली गोळा करत होते. मागच्या सीटवरून बारीक आवाज आला, "बरं नंदा, जाते मी."

खट्.

चारही दारं. माझी खुंटी ओढली, मागे वाकून माईंची ओढली — हलेना. काच खाली करून वॉचमनला बोलावलं. त्याने बाहेरून हिसके दिले आणि मला सांगितलं, "लॉक आहे, मॅडम."

माई शांत. "ओढू नकोस. ह्यांनी लावलंय."

मी म्हटलं, माई, अहो फ्यूज माझ्या पर्समध्ये आहे.

"त्यांना काय लागतो फ्यूज?"

मग त्यांनी मला जे सांगितलं ते वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं. अण्णा शेवटचे दवाखान्यात उतरले ते याच गाडीच्या पुढच्या सीटवरून. धाप लागलेली, आणि तोंडून कधी नव्हे ते "जातो" आलं. माईंनी टोकलं नाही... एवढ्या धापेत कशाला, म्हणून.

पदराने डोळे पुसून त्या पुढच्या रिकाम्या सीटला म्हणाल्या, "अहो, डॉक्टर थांबलेत. उघडा आता."

काही नाही.

मग जरा घुश्श्यातच, "येते. येते म्हटलं ना."

खट्. वॉचमन अजून हँडल ओढतच होता, तो दारासकट मागे गेला.

ऑपरेशन उत्तम झालं. हरीशभाईंनी नंतर चारही दारं उघडून पाहिली. वायर शाबूत, फ्यूजची जागा रिकामी, रिमोटला प्रतिसाद शून्य. मी घडलं ते सांगितलं तेव्हा हसले. पण गाडी ताब्यात देताना स्वतःच्याच गॅरेजात उभे राहून मला म्हणाले, "अच्छा भाभी... येतो."

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहा, फक्त वायरिंग सोडून. तो फ्यूज अजून पर्समध्येच आहे.

आज माईंचा दुसरा डोळा आहे. उतरताना त्यांनी "येते" हा शब्द इतका मोठ्याने म्हटला की वॉचमनने लांबूनच हात जोडले. मी बाहेर गाडीतच बसून हे लिहितेय, आणि आता आतून बोलावणं आलंय. तेव्हा... येते.