सारवणावर वळलेला चेंडू

काल तुळशीच्या लग्नासाठी आमच्या सोसायटीतल्या पोरींनी कुठूनसं शेण आणून एक कोपरा सारवला. त्या ओलसर वासाने मी थेट डोंबिवलीच्या आमच्या अंगणात जाऊन पोचलो, एकोणीसशे पन्नासच्या आसपासच्या एका सकाळी.

मुदतीच्या तापातून मी नुकताच उठलेलो. आधी माझा चेंडू सणसणत जायचा, आता दादापर्यंत पोचतानाच दमायचा आणि दादा तो सहज कुंपणापार धाडायचा. त्या सकाळी मात्र चेंडू टप्प्यावर थबकला, आत वळला आणि स्टंपांऐवजी ठेवलेला पत्र्याचा डबा वाजला.

"मुद्दाम आउट झालास ना?" मी विचारलं. मला त्याची कीव नको होती.

"शपथ रे! चेंडूच वळला."

माझा विश्वास बसेना. मी वेग आणखी कमी केला, चेंडू जरा बाहेर टाकला, बोटांनी जास्त पीळ दिला. डबा पुन्हा वाजला. दादाने चिडून बॅट आपटली. एवढं नाटक त्याला जमणारं नव्हतं. मग मी वाकून जमीन पाहिली. सगळीकडे सारवण पातळ होतं, माझ्या टप्प्यावर तेवढं जाड, मऊ, आईच्या बोटांचे ठसे उमटलेलं.

"आई, इथेच एवढं शेण का गं?"

"खळगा होता तिथे," तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता ती म्हणाली.

दादावर इतका संशय घेतला, आणि आईचं मात्र मी लगेच खरं मानलं. तापाआधी त्याच जागेवर मी रोज चेंडू टाकत आलेलो. खळगा असता तर तो सगळ्यांत आधी मलाच सापडला असता.