काळ्या तिळाचा पालक

ये, अशी जवळ बस. तू पुण्यात आणि मी वाशीत, तरी समज की बसली आहेस. आणि तोंड फुगवू नकोस. परवा तुझं बोलणं अर्धवट तोडून मी फोन ठेवला, त्याचा तुला राग आला, हे तुझ्या आईनं मला सांगितलं. पण मला सांग, किती महिने झाले तुला इथं येऊन? आजोबांच्या वर्षश्राद्धालासुद्धा सुट्टी मिळाली नाही म्हणालीस. आणि इतक्या दिवसांनी आजीची आठवण झाली ती कशासाठी, तर आजोबांचं ते पालकाचं जपानी कसं करायचं गं, मी काळे तीळ मागवलेत.

काळे तीळ म्हणालीस आणि माझ्या हातून फोन ठेवला गेला. चुकलंच माझं. पण का ठेवला ते फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

आधी पदार्थ सांगून टाकते, नाहीतर म्हणशील आजी भलतीकडेच गेली. पालकाची एक जुडी घ्यायची. सोडायची नाही, मुळाशी धरून धुवायची आणि उकळत्या पाण्यात आधी देठ, मग पानं अशी बुडवायची. पन्नास आकडे म्हणेपर्यंत बाहेर, लगेच गार पाण्यात. मग घट्ट पिळायची, चांगला मुटका होईल इतकी, आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. तीळ मंद आचेवर भाजायचे. तिथून हलायचं नाही. तू तीळ गॅसवर टाकून मोबाइल बघत बसशील आणि करपल्यावर मला फोन करशील, मला माहीत आहे. भाजले की खलबत्त्यात भरड कुटायचे, त्यात थोडी साखर आणि सोया सॉस, की पालक कालवायचा. झालं. फोडणी नाही, मिरची नाही, लसूण नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं, हे काहीतरी अर्धंच राहिलंय.

ते पहिल्यांदा मी केलं ऐंशी सालानंतर एक-दोन वर्षांनी. तुझी आई तीन वर्षांची होती. वाशीत आम्ही नवीन, चार मजल्यांच्या इमारती नवीन, झाडं तर गुडघ्याएवढी. घरात आम्ही चौघं. तुझे आजोबा, मी, तुझी आई आणि माझ्या सासूबाई. आजोबा बेलापूर रोडच्या एका कारखान्यात होते. तिथं जपानचं मोठं यंत्र आलं, आणि ते चालवायला शिकायला म्हणून यांना सहा महिने तिकडे पाठवायचं ठरलं. इमारतीतले लोक पेढे मागायला आले. सासूबाई मात्र आत जाऊन बसल्या.

त्यांचं कारण सांगते. सासूबाई रत्नागिरीकडच्या. माझे सासरे मालाच्या बोटीवर खलाशी होते. आजोबा नऊ वर्षांचे असताना बोट गेली ती गेली, सासरे परत आलेच नाहीत. एक कागद आला फक्त. मग दर्भाचा पुतळा करून त्याच्यावर क्रिया केली. त्या नऊ वर्षांच्या मुलानं काळे तीळ सोडले, आणि सासूबाई समोर बसून ते बघत होत्या. त्यानंतर त्यांनी समुद्राचं नाव घेतलं नाही. आमच्या घरापासून खाडी चालत वीस मिनिटं, पण त्या कधी तिकडे फिरकल्या नाहीत. भाजी घ्यायची तर अलीकडच्या कोपऱ्यावर, देवळात जायचं तर उलट्या बाजूला.

पितृपक्षात वडिलांचं तर्पण करून मग तुझे आजोबा जपानला गेले. त्या तर्पणाचे उरलेले काळे तीळ एका लहान डब्यात, दर्भाच्या जुडीशेजारी फळीवर राहिले. हा डबा लक्षात ठेव.

पत्रं यायची, आठवड्याला एक. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, मी मोठ्यानं वाचायची. एका पत्रात तुझ्या आजोबांनी हा पालक लिहून पाठवला. तिकडे त्यांच्या वसतिगृहाच्या बाई आठवड्यातून दोनदा करायच्या. आतून रेघा असलेल्या मातीच्या वाडग्याचं चित्रसुद्धा काढलं होतं, त्यात त्या बाई काळे तीळ घोटायच्या. ते सोयाबीनचं खारट पाणी आपल्याकडे मिळालं नाही तर मीठ घाल, असं लिहिलं होतं. आणि खाली, बुधवारी रात्री इथं हेच असतं, तुम्ही पण बुधवारी करा, म्हणजे एका दिवशी तरी आपण सगळे एकच जेवतोय असं वाटेल.

ते पत्र आलं तेव्हा सासूबाई शेजारच्या इमारतीत कीर्तनाला गेल्या होत्या. मी एकटीनं वाचलं. म्हटलं, सांगायचं नाही, बुधवारी पानात वाढूनच दाखवू.

आता तू म्हणशील, आजी, तुला कळलं कसं नाही. नाही कळलं गं. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे कारळ्याची चटणी रोजची, काळीकुट्ट, भाकरीबरोबर. काळं काही कुटायला घेतलं तर माझा हात थबकत नव्हता. तर्पणाला काळे तीळ लागतात हे ठाऊक होतं, नाही असं नाही. पण डब्यातले तीळ म्हणजे तीळ, वाया कशाला घालवायचे, असं माझं डोकं. नवरा एवढ्या लांबून काहीतरी मागतोय, त्या आनंदात मी फळीवरचा डबा काढला.

घणसोलीची एक बाई टोपलीतून पालेभाज्या घेऊन दारावर यायची. तिच्याकडून दोन जुड्या घेतल्या. ती म्हणाली, "दोन जुडी? कोन पावना हाय का?" मी म्हटलं, हो, जपानचा. ती कितीतरी वेळ हसत होती.

बुधवारी दुपारी ताटं मांडली. सासूबाई बसल्या. मी मोठ्या कौतुकानं सांगितलं की हे तुमच्या मुलानं तिकडून लिहून पाठवलंय, आज तोही हेच जेवतोय. त्यांनी पानाकडे पाहिलं. हिरव्यावर काळं. मग त्यांनी मान वर करून फळीकडे पाहिलं. तिथं डबा उघडा होता.

"कुणाच्या नावानं केलंस गो हे?" त्या म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. त्यांचं लक्ष तुझ्या आईकडे गेलं, तिनं तोवर दोन घास खाल्लेले. तिला उचलून मोरीत नेलं, तिच्या तोंडात बोट घालून जे होतं ते काढलं, चुळा भरायला लावल्या. पोर रडून रडून लाल झाली. मग सासूबाईंनी तिन्ही पानांतलं आणि पातेल्यातलं एकत्र केलं, डबा घेतला, चपला घातल्या आणि निघाल्या. मी तुझ्या आईला काखोटीला मारून मागोमाग. कुठं जाताय विचारायची छाती नव्हती.

त्या खाडीवर गेल्या. त्या वाटेनं कधी न गेलेली बाई, कुणाला न विचारता गेली. ओहोटी होती, सगळा चिखल. चिखलात घोट्यापर्यंत जाऊन त्यांनी ते सगळं टाकलं, डबा उपडा केला, हात जोडले. काय पुटपुटल्या ते मला ऐकू आलं नाही. परत येताना एवढंच म्हणाल्या, "सांगायचं होतंस."

आणि त्यानंतर पत्रं थांबली.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी रोज दुपारी खाली टपालाच्या पेट्यांपाशी. सासूबाई काही विचारायच्या नाहीत, फक्त मी वर आले की माझ्या हाताकडे बघायच्या. त्यांनी एकवेळचं जेवण सोडलं. मी केलेला स्वयंपाक जेवायच्या, पण घास घेण्याआधी भाजी बोटानं उलटसुलट करून बघायच्या. ते मला सगळ्यात लागायचं. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोलले असते. एक दिवस रात्रीच्या भाताच्या वेळी मला वाटलं, त्यांना सांगावं की मीसुद्धा बायको आहे त्याची, मला काय हौस होती का. नाही सांगितलं. कारण आतून मलाही तेच वाटायला लागलं होतं. मीच जिवंत नवऱ्याच्या नावानं तीळ सोडले, जेवायच्या ताटात.

घणसोलीची बाई विचारायची, "बाय, आज पन पत्र नाय आला?" आणि पालकाची जुडी आपणच टोपलीत मागे सारायची. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी.

मग मी कारखान्यात गेले. तुझ्या आईला शेजारी ठेवलं आणि एकटी गेले. तिथल्या साहेबांनी चहा मागवला. म्हणाले, वहिनी, काम फार आहे तिकडे, लिहायला फुरसत मिळत नसेल. ते माझ्याकडे बघत नव्हते, टेबलावरच्या काचेकडे बघत होते. मी घरी येऊन सासूबाईंना त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. मीही काचेकडेच बघून सांगितले असणार, कारण त्या उठून गॅलरीत गेल्या.

संक्रांत आली. मी आधीच आणलेले पांढरे तीळ डब्यात तसेच. लाडू केले नाहीत. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना मी ताप आलाय असं सांगून दारातूनच परत पाठवलं.

संक्रांतीनंतर आठवड्यानं पत्र आलं. अक्षर त्यांचंच, पण वाकडं. मी जिन्यातच फोडलं. पोटात कळ येऊन पडले होते, अपेंडिक्स फुटलं होतं, ऑपरेशन झालं, मग पू झाला, पुन्हा पोट उघडलं. आता बरे आहेत. कारखान्याला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घरी कळवू नका, आई हाय खाईल, असं यांनीच त्यांच्याकडून वचन घेतलं होतं.

वर येऊन सासूबाईंना वाचून दाखवलं. एक ओळ गाळावी असं वाटत होतं, पण मी गाळली नाही. गुरुवारी पहाटे दवाखान्यात नेलं. बुधवारी रात्रीचं जेवण झाल्यावर दुखायला लागलं होतं.

कुठला गुरुवार ते पत्रात होतं. सासूबाईंनी बोटाच्या पेरांवर मागे मागे मोजलं. मीही मनात मोजत होते. दोघी एकाच पेराशी येऊन थांबलो. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटं की सुलटं ते न बघता कपाळाला लावलं आणि देवापुढे ठेवलं.

ते आले चैत्रात. शर्ट अंगावर नुसता टांगल्यासारखा. पिशवीतून सोया सॉसची बाटली काढली, टॉवेलात गुंडाळून आणलेली, आणि म्हणाले, आज तो पालक कर. आजारी असताना वसतिगृहाच्या बाई डब्यातून आणून द्यायच्या, तेवढंच पोटात राहायचं. तू केला होतास का गं, मी लिहिलं होतं तेव्हा?

मी भांडी आवरत होते. माझ्याआधी सासूबाई बोलल्या.

"नाही केला. पालक चांगला मिळत नव्हता."

सासूबाईंना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. मग त्या उठल्या, संक्रांतीचे राहिलेले पांढरे तीळ काढले, स्वतः भाजले, स्वतः कुटले. मला फक्त पालक पिळायला दिला. पानात वाढल्यावर आजोबा म्हणाले, आई, तिकडे हे काळ्या तिळाचं असतं.

"आपल्यात पांढऱ्याचंच करतात."

"आपल्यात? आपल्यात हे कधीपासून?"

"जेव तू," त्या म्हणाल्या.

ते हसले आणि जेवले. पुढे आयुष्यभर पांढऱ्या तिळाचंच जेवले. दर वेळी एकदा म्हणायचे, काळ्याची चव वेगळी, तुम्हाला काय कळणार. आम्ही दोघींनी त्यांना कधी सांगितलं नाही. सासूबाई होत्या तोवर तर्पणाला लागतील तेवढेच तीळ त्या कागदात आणायला सांगायच्या आणि उरलेले त्याच दिवशी स्वतः खाडीवर नेऊन सोडायच्या. माझ्याशी पुढे त्या चांगल्याच वागल्या, आजारपणात माझ्याच हातचं जेवल्या. पण तू मुद्दाम केलं नाहीस, असं एकदा तरी म्हणतील अशी मी वाट बघत राहिले. नाही म्हणाल्या. कदाचित ते म्हणायची गरजच नाही असं त्यांना वाटत असेल, कदाचित नसेलही. मला आजही ठाऊक नाही.

आता थोडंच सांगायचं राहिलं. वर्षश्राद्धाला तू नव्हतीस. मी सकाळी पालक आणवला, काळे तीळ भाजले. खलबत्त्यात भरड कुटले. आजोबांच्या पानात, भाताशेजारी, ते वाढलं. तुझी आई म्हणाली, आई, काळे का आज? मी म्हटलं, त्यांना तसंच आवडायचं. त्या पानाकडे मी बराच वेळ बघत उभी होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते त्यांच्या पानात त्यांना हवं तसं झालं, आणि जेवायला ते नाहीत.

तेवढ्यासाठी फोन ठेवला गं परवा. तू तिथं एकटी, परक्या शहरात, आणि म्हणालीस काळे तीळ. आता मी शिकलेल्यांसारखं बोलायचं म्हटलं तर तिळात काही नसतं, अपेंडिक्स कुणाचंही फुटतं. डॉक्टरांनी आजोबांना तसंच सांगितलं होतं. मला ते पटतं. दिवसा पटतं.

तर ती पुडी फोडू नकोस. टाकूही नकोस. घेऊन ये इथं. काळ्याचंच करू, माझी ना नाही, पण माझ्यासमोर कर, आणि पहिला घास मी घेईन. पालक आणू नकोस, आमच्या कोपऱ्यावर चांगला मिळतो. शनिवारी सकाळी निघालीस तर दुपारच्या जेवणाला पोचशील. ये लवकर.