माहेरी किती दिवस?

माझी सख्खी आत्या डोंबिवलीला माहेरी आली आणि सरकारदरबारी ती परदेशातून आलेली बाई ठरली. आजही हे सांगताना माझं डोकं सणकतं.

आमचे पणजोबा रत्नागिरीकडून गलबतात बसून कराचीला गेले आणि बंदरात कामाला लागले. तीन पिढ्या तिथे काढल्या. फाळणी झाली तसे आम्ही बोटीने मुंबईला उतरलो आणि डोंबिवलीत दोन खोल्या घेतल्या. तेव्हा आम्हाला कुणी काही विचारलं नाही. आतोबांची बंदरातली नोकरी संपायला दीड-दोन वर्षं होती, म्हणून आत्या तेवढी मागे राहिली. पुढच्याच पावसाळ्यात कायदा आला की तिकडून इकडे यायचं तर परमिट हवं. काल जो आपला देश होता, तिथून आपल्या भावाकडे यायला परवाना!

आजीने अंथरूण धरलं म्हणून आत्या निघाली. परमिट देणाऱ्या कारकुनाने विचारलं, "किती दिवसांसाठी?" माहेरी निघालेली बाई काय सांगणार? "एक महिना," म्हणाली. नवरा जिवंत असताना ‘कायमची चालले’ हे शब्द आमच्यातली बाई मेली तरी तोंडातून काढायची नाही. कायमची माहेरी येते ती टाकलेली, नाहीतर कुंकू पुसलेली. त्याने महिन्याचं तात्पुरतं परमिट तिच्या हातात ठेवलं.

महिना संपला आणि पोलीस दारात. अख्खी चाळ गोळा झाली. चाळीचा मालक इथलाच, भातशेतीवाला म्हातारा. तो त्या शिपायावर खेकसला, "पावनी आयली त सरकारचे पोटान कशाला दुखतं?" सबंध प्रकरणात शहाणं बोलला तो एवढा एकच माणूस.

दोनदा मुदत वाढवून मिळाली. तिसऱ्यांदा ठाण्याच्या कचेरीतल्या साहेबाने मान वर न करता सांगितलं, "आठ दिवसांत परत जा, नाहीतर कायमची राहणार असा अर्ज द्या."

आत्या म्हणाली, "ह्यांची नोकरी संपली की तेही येणारच आहेत हो. तोवर राहू द्या, इतकंच लिहून घ्या."

"असं लिहायची सोय नाही, बाई."

सोय नाही! डोंबलाचा कायदा! परत गेली असती तर पुन्हा परमिट मिळेल याचा भरवसा नव्हता, आणि इथे तर राहू देत नव्हते. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

बाहेर बाकावर बसून अर्ज लिहायचं ठरलं. माझं अक्षर वळणदार, म्हणून कागद माझ्या मांडीवर आला. मी बारा वर्षांची होते. आत्याला सहीपुरतीच अक्षरं येत. तिने सांगितलं, "बाय, लिही, हे येईपर्यंत राहणार." बाबा माझ्या कानाशी वाकले आणि पुटपुटले, "कायमची लिही. अक्काला कळू देऊ नकोस." मी लिहिलं, आत्यापाशी ठेवायला एक नक्कलही काढली. तिने वाचून दाखव म्हटल्यावर तिने सांगितलं होतं तेच वाचून दाखवलं. तिने स्वतःच्या नावापुढे आतोबांचं नाव घालून एकेक अक्षर जपून काढत सही केली.

परमिट मिळालं. नळावरच्या प्रत्येक बाईला आत्या सांगत सुटली, "आमच्या पोरीच्या अक्षरानेच काम झालं." मला शिरा करून घातला. मी बशी बाबांपुढे सरकवली.

पाच महिन्यांनी कराचीहून तार आली. आतोबा धक्क्यावर काम करताना कोसळले आणि गेले. नोकरीचे तीन आठवडे उरले होते. आत्याला शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

चौदाव्या दिवशी तिने ट्रंकेतून अर्जाची नक्कल काढली आणि माझ्यापुढे धरली. "वाच. आहे तसं वाच." कुणी तरी तिला सांगितलं असावं, नाहीतर तिला आपोआप कळलं असावं. मी वाचलं. ‘कायमची’ या शब्दाशी अडखळले. ओरडावंसं वाटत होतं की मी नाही, त्यांनी लिहायला लावलं, त्या कचेरीने, त्या मेल्या कायद्याने! शब्दाने माणूस मरत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तिला कोण सांगणार?

तिने कागद माझ्या हातातून घेतला, जुन्या घडीवरच दुमडून परत ट्रंकेत ठेवला.

"अक्षर चांगलं आहे हो तुझं," म्हणाली.