शेड बसली का?

फोन आला तेव्हा माझा उजवा हात माउसवर होता आणि डावा कॉम्प्युटरच्या पडद्याशेजारी धरलेला. एका बारशाचे फोटो चालले होते. पलीकडून शोभावहिनी एवढंच म्हणाल्या, "रेखा, हे गेले गं... चहा मागितला आणि मी घेऊन येईपर्यंत गेले." मी "हो" म्हणाले. फोन ठेवला तरी डावा हात तसाच पडद्याजवळ होता, आणि डोक्यात पहिला विचार आला तो असा, की बाळाच्या गालावर लाल जास्त झालाय. आज पाच आठवडे झाले, त्या विचाराबद्दल मी स्वतःला रोज शिव्या घालते. पण दादांना हे सांगितलं असतं तर त्यांना त्यात काही गैर वाटलं नसतं. ते म्हणाले असते, "मग? केलास का कमी?"

दादा म्हणजे मधुकर सोनवणे. सिडकोत त्यांचा फोटो स्टुडिओ. मी तिथे नव्वदचं दशक संपता संपता, कॉम्प्युटरचा एक कोर्स करून कामाला लागले ती आजपर्यंत. दादा मूळचे घोटीचे. स्टुडिओच्या आधी चौदा वर्षं अंबडच्या एका कारखान्यात रंगखात्यात होते. गिऱ्हाइकानं पाठवलेल्या पत्र्याच्या तुकड्याशी नवा रंग जुळला की तिथे म्हणायचे, "शेड बसली." कारखाना बंद पडला, पण तो शब्द त्यांनी बरोबर आणला. भाजीत मीठ बरोबर असलं तरी शेड बसली, मुलीचं लग्न ठरलं तरी शेड बसली. आणि नाही जमलं की शहरातली भाषा बाजूला ठेवून सरळ घोटीवर यायचे, "नाय बसत. लय लांब हाय अजून."

दुकानात कॉम्प्युटर, स्कॅनर आणि फोटो छापणारा प्रिंटर आला तेव्हा आम्हाला वाटलं, आता डार्करूमची कटकट संपली. कसली संपते... पडद्यावर नवरी गुलाबी, कागदावर वांग्याच्या भरतासारखी. पडद्यावर आकाश निळं, कागदावर जांभळं. मी चिडकी आहे हे सांगून टाकते. तिसऱ्या दिवशी मी प्रिंटरला चापट मारली होती. दादा म्हणाले, "त्याला का मारतेस? तो सांगितलं तेवढं करतो. खोटं पडदा बोलतोय." मग त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताचा फोटो काढला, राखाडी कागदावर ठेवून. तो छापला. जोवर छापलेला हात खऱ्या हातासारखा येत नाही तोवर छापत राहिले, आणि मग मॉनिटरच्या खालच्या, उजेड कमीजास्त करायच्या चकत्या फिरवून पडद्यावरचा हात त्या दोन्हींशी जुळवला. खरा हात, कागदावरचा हात, पडद्यावरचा हात, तिन्ही शेजारी शेजारी. रोज सकाळी मॉनिटर पंधरा मिनिटं तापू द्यायचा आणि मग हे करायचं, पूजेला बसल्यासारखं. पुढे एकदा एक विक्रेता पडद्याला चिकटवायचं रंग मोजणारं यंत्र घेऊन आला. दादांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि हात पुढे करून म्हणाले, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही. तो माहितीपत्रकांचा गठ्ठा ठेवून गेला, त्यावर आम्ही पुढे वर्षभर वडे खाल्ले.

त्या खोलीचे नियम तर विचारूच नका. भिंतींना राखाडी रंग, खिडकीला राखाडी पडदा, एकच ट्यूब. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्या काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "काय गं, सुतकबितक आहे का तुमच्याकडे?" एकदा मी लाल ओढणी घालून बसले तर दादा दारातूनच ओरडले, "ती काढ आधी. काचेवर तिचा लाल पडतो. काल तू केलेल्या सगळ्या नवऱ्या आजारी दिसतायत, तू त्यांचा लाल काढून टाकलास." मला राग आला, पण खरं होतं ते. दुसऱ्या दिवसापासून खुंटीवर राखाडी एप्रन लटकला. तो घातला की मी कारखान्यातल्या कामगारासारखी दिसायचे, आणि दादांना ते फार आवडायचं.

आता त्यांच्या चुकीबद्दल सांगते, कारण ती चूक फक्त आमच्याच दुकानात होऊ शकत होती. पहिल्या वर्षी एप्रिल-मेची लग्नसराई आली. दादा दिवसभर उन्हात वराती टिपायचे, डोक्याला टोपी, पण हात उघडे. हात रापत चालला. सकाळी पडद्याशेजारी धरला की पडद्यावरचा हात त्याच्यापुढे उजळ दिसायचा, म्हणून दादा पडदा मंद करायचे. मंद पडद्यावर सगळी माणसं काळवंडलेली दिसायची, म्हणून फोटो उजळवायचे. आणि कागदावर सगळं लग्न पिठात घोळवल्यासारखं यायचं. गंमत म्हणजे लोक खूश. "सोनवण्यांकडे जा, तिथे फोटो गोरे येतात," असं घोटीपर्यंत झालं. आमच्या दोघांच्या लक्षातच आलं नाही. एक दिवस दादांची मावशी गावाहून आली. लग्नातला स्वतःचा फोटो हातात धरून बघत बसली आणि म्हणाली, "मध्या, ही कोन बाई हाय?"

मी हसले. दादा नाही हसले. ते आपला हात उलटा सुलटा करून बघत राहिले आणि म्हणाले, "मापाची पट्टीच वाढली गं. कापड कसं बरोबर निघणार?" त्यांनी त्या दोन महिन्यांतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला निरोप पाठवला, फोटो चुकलेत, घेऊन या, परत छापून देतो. एकही माणूस आला नाही. दादांना ते फार लागलं. म्हणायचे, "अख्ख्या गावाला आपला रंग नको आहे म्हणजे काय?" मग नवा नमुना फोटो काढायचा ठरलं. मला म्हणाले, "शेजारी तुझा हात ठेव."

"माझा कशाला? माझा काळा आहे."

"काळाच पाहिजे. सावलीत बसणारा काळा. माझा उन्हात गेला तरी तुझा जागेवर राहील."

तो फोटो अजून आहे. राखाडी कागदावर दोन डावे हात, एक त्यांचा, एक माझा. माझ्या मनगटावर दोन हिरव्या काचेच्या बांगड्या आहेत.

आता जे लिहिणार आहे ते मी आजवर कोणालाही सांगितलं नाही. त्या सुमारास घरचे माझ्यासाठी स्थळं बघत होते. एका ठिकाणी फोटो पाठवायचा होता आणि आईनं बजावलं होतं, जरा उजळ आण. दादांना सांगायची सोय नव्हती. ते दुपारी जेवायला घरी गेले तेव्हा मी माझा फोटो उघडला आणि मॉनिटरची चकती पार टोकापर्यंत फिरवली. काय सांगू, पडद्यावर मी दुधासारखी दिसत होते. छापलं तर कागदावर मी आहे तशीच. परत छापलं, परत तीच. इतके महिने त्या खोलीत बसून मला एवढं कळलं नव्हतं, की चकतीनं काच उजळते, कागद नाही. रागानं दोन्ही फोटो फाडून टोपलीत टाकले, तिसरा छापून पाकिटात घातला, आणि चकती परत फिरवायची राहून गेली. दुपारी दादा येऊन एका लग्नाच्या अल्बमला बसले. झगझगीत पडद्यावर सगळं जास्तच उजळ दिसलं म्हणून त्यांनी चाळीस फोटो बेताचे करून दिले आणि सगळे काळे छापून आले. नवऱ्या मुलाचा बाप दुकानात उभा राहून ओरडला, "कोळशाच्या वखारीत लग्न लावलं का आम्ही?" दादा म्हणाले, "चूक माझी आहे. परवा नवे देतो." मी एप्रनच्या खिशात हात घालून शेजारी उभी होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्राइटनेसची चकती पेन्सिलीची खूण करून जागेवर आणली आणि वरून चिकटपट्टी लावून टाकली. लावता लावता, माझ्याकडे न बघता विचारलं, "फोटो पाठवलास का तिकडे?"

"कुठला?"

"जो आला तो."

पाठवला होता. ते स्थळ जमलं नाही. पुढे दुसरं जमलं, तेही त्याच फोटोवर. टोपलीतले माझे फाडलेले चेहरे दादांनी बघितले नसतील असं मी कित्येक वर्षं धरून चालले. न बघायला काय झालं... टोपली रोज तेच रिकामी करायचे.

दादा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमासाठी मोठा फोटो हवा होता. दोन वर्षांपूर्वी दुकानाच्या दारात मी काढलेला एक होता, टोपी मी जबरदस्तीनं काढायला लावलेली. वहिनी म्हणाल्या, "थोडे उजळ कर गं, भिंतीवर बरे दिसतील." घाई होती, डोकं ठिकाणावर नव्हतं. नव्या चपट्या पडद्यावर फोटो उघडला आणि हात आपोआप उजळवायच्या बटणाकडे गेला. छान उजळवला. फ्रेम झाली, समोर मेणबत्त्या लागल्या, लोकांनी फुलं वाहिली. मग दादांचे अंबडच्या रंगखात्यातले एक जुने सोबती आले, फोटोसमोर उभे राहिले, आणि हळूच मला म्हणाले, "हा मधूच्या भावाचा लावलाय का?"

मला घोटीची मावशी आठवली. त्या दिवसापासून मला चैन नाही. जेवताना उठायचे, दुकानात जायचे, एक फोटो छापायचे. कधी लालसर यायचा, कधी हिरवट, एकदा तर दादा कावीळ झाल्यासारखे आले. माझ्या लक्षात आलं, की मला त्यांचा रंगच आठवत नाहीये. रोज आठ तास शेजारी बसलेला माणूस... टोपी आठवते, चहा फुंकण्याचा आवाज आठवतो, रंग नाही. अकरा फोटो फाडले. नवऱ्यावर ओरडले, मुलीवर ओरडले. वहिनींना म्हटलं, तो भिंतीवरचा काढा, तर त्या म्हणाल्या, "राहू दे की. छान दिसतात." मी निघून आले. ज्यानं जन्मभर कोणाला मुद्दाम खोटं गोरं केलं नाही त्याला मीच करून ठेवलं होतं, आणि याही वेळी गप्प उभी होते.

शेवटी गेल्या आठवड्यात, दादांनी ज्यावर हात जुळवले होते तो कोपऱ्यातला जुना डबा मॉनिटर ओढून टेबलावर घेतला. तापू दिला. दोन हातांचा फोटो उघडला. म्हातारा पडदा, सगळं अंधारलेलं. चकती फिरवायला चिकटपट्टी काढणं आलं. इतक्या वर्षांत तिला मी नख लावलं नव्हतं. ओढली तेव्हा मोठ्यानं म्हणाले, "दादा, तेव्हा चकती मी फिरवली होती." खोलीत कोणी नव्हतं, तरी म्हणाले. पट्टीखाली मॉनिटर नव्यासारखा पांढरा निघाला, बाकी सगळा पिवळा पडलेला. मग माझा डावा हात पडद्याशेजारी धरला. आता त्यावर शिरा आल्यात, बांगड्या सोन्याच्या झाल्यात, पण रंग तोच, सावलीत बसणारा काळा. पडद्यावरचं माझं मनगट, माझी बोटं, सगळं माझ्या खऱ्या हातावर येईपर्यंत चकत्या फिरवत राहिले. माझा हात बसला. आणि शेजारी बघितलं तर दादांचा हात होता... तोच. मग त्यांचा मूळ फोटो उघडला, काही उजळवलं नाही, त्या हाताशी जुळवला आणि छापला.

वहिनींकडे नेला तेव्हा त्या आधी नको नको म्हणत होत्या. मग चष्मा लावून जवळ घेतला. बराच वेळ बघितला आणि कपाळावर बोट ठेवलं. रापलेल्या चेहऱ्याच्या वर, केसांच्या खाली, एक फिका पट्टा होता. उजळ फोटोत तो कुठे गेला होता कोणास ठाऊक. "टोपीचा पट्टा आलाय," वहिनी म्हणाल्या. "किती सांगायचे, एवढी ओढून घालू नका..." आणि मग त्या रडल्या. कार्यक्रमाच्या दिवशी रडल्या नव्हत्या. निघताना म्हणाल्या, "तो दुसरा तू घेऊन जा."

चकतीवर मी पट्टी परत लावलेली नाही. सकाळी दुकान उघडते, एप्रन घालते, मॉनिटर तापू देते आणि दोन हातांचा फोटो उघडून शेजारी माझा हात धरते. माझा बसला की त्यांचा आपोआप बसतो.