गुरुजींचे सदरे

लोणारला आमच्या शेजारचे गुरुजी क्षयाने अंथरुणाला खिळले, तेव्हा मी त्यांच्या उंबऱ्यावर मोसंबी ठेवून बाहेरूनच परत फिरायचो. गल्लीतला शिंपी मात्र रोज दुपारी मशीन थांबवून थेट त्यांच्या खाटेवर जाऊन बसायचा. बोलायचा थोडंच, तेही दातांत सुई धरल्यासारखं, ओठ न हलवता.

एकदा त्याने गुरुजींचे तिन्ही सदरे नेले आणि उसवून, अंगाबरोबर शिवून आणले.

"माप कधी घेतलं?" मी विचारलं.

"नाई घेतलं. टेप लावला असता तर आपण किती वाळलो, ते त्याईले समजलं असतं. नजरेनंच अंदाज घेतला."

नवा झालेला सदरा घालून गुरुजी कितीतरी दिवसांनी ओसरीवर येऊन बसले. मला पाहून म्हणाले, "या, चहा घ्या."

"आत्ताच घेतला," मी रस्त्यावरूनच म्हणालो.

गुरुजींचा चेहरा उतरला. शेजारीच बसलेला शिंपी माझ्याकडे एकवार पाहून, आत गुरुजींच्या बायकोला म्हणाला, "वहिनी, मले दोन कप आणा. त्याईचाबी मीच पेतो."

गुरुजी त्याच उन्हाळ्यात गेले. शिंपी आजही मला आपणहून नमस्कार करतो. मला त्याच्याकडे बघवत नाही.